तीर्थाचा चमचा

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. १० जानेवारी १९५५

चि. सौ. मीनाक्षीस अनेक आशीर्वाद.

माझं हे अक्षर बघून घाबरू नकोस. शाळेत एखाद्या मुलीनं असं लिहून आणलं असतं तर मी वही परत केली असती. पण पत्र माझं मी लिहिते आहे, आणि अंथरुणात नव्हे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून. प्रमोदिनी लिहून देते म्हणत होती. तिला म्हटलं, दिवसभर शाळेत भूगोल शिकवून येतेस, वर माझी हमाली नको. मागची खोली तिला भाड्यानं दिली तेव्हा ती माझ्या हाताखालची नवी शिक्षिका होती. मी वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले की तिच्या हातातला खडू मोडायचा. आता ती माझ्या ताटासमोर बसते आणि म्हणते, "बाई, घास तोंडात असताना बोलायचं नाही." मी ऐकते.

तुमच्याकडं सगळं ठीक असेल. नृसिंहरावांच्या अंतर्गळाचं, म्हणजे डॉक्टरांच्या त्या हर्नियाचं, काय झालं? पट्टा बांधतात की अजून टाळतात? कुरुंदवाडला नदीकाठची थंडी बाधत असेल, त्यांना सकाळी घाटावर जाऊ देऊ नकोस. इथं गुऱ्हाळं जोरात आहेत. संध्याकाळी वारा फिरला की काहिलीचा वास थेट आमच्या गल्लीत येतो.

माझं म्हणशील तर पोटाची जखम केव्हाच भरली. आतड्याला पडलेला पीळ डॉक्टर मुळगुंदांनी सोडवला तो सुटला. ऑपरेशनमधून मी निभावले, पण पुढं जी अंथरुणाला खिळले त्यानं अंगावरचं मांस नेलं. दंडाची कातडी लोंबते. मांडी म्हणजे नुसतं हाड. लुगडं कमरेवर ठरत नाही, कवळी तोंडात खुळखुळते. ज्योतिबाचा डोंगर मुलींच्या पुढं राहून चढणारी बाई मी, मला पाण्याचा तांब्या उचलवेना.

चालते मात्र. ते श्रेय बयाबाईचं. पाचगावहून दूध घालायला येते ती, मोठ्या आवाजाची, तुला आठवत असेल. डॉक्टरांनी मला रोज चालवायला सांगितलंच होतं, पण प्रमोदिनीला मी हातात मोडेन अशी भीती वाटायची. डिसेंबरात एक दिवस बयाबाई चरवी ठेवून सरळ आत आली.

"बाई, उठाय नगं व्हय?"

पायात जीव नाही, असं मी म्हटलं. आवाजही तेव्हा नुसती हवा होता.

"बसल्याली म्हस उठवाय चौघंजण लागत्यात. तुमी तर चिपाडावाणी झालायसा. मी एकलीच उठवते की."

आणि काखेत हात घालून तिनं मला उभं केलं. माझे गुडघे असे कापत होते की भिंतीवरचं कॅलेंडर हलल्यासारखं वाटलं. मी पडले नाही, कारण तिनं सोडलंच नाही. तेव्हापासून रोज दूध मोजून झालं की ती मला परसदारापर्यंत नेते आणि आणते. वाटेत आपल्या जावेची सगळी गाऱ्हाणी सांगते. मला आता तिची जाऊ तोंडपाठ आहे.

दत्तोपंतदादा गुरुवारी येऊन जातात. चुलत असून सख्ख्याहून जास्त हक्क दाखवायची त्यांची सवय तुला माहीत आहे. मी अजून आहे याचं त्यांना थोडं नवल वाटतं, असं मला वाटतं.

तू नोव्हेंबरात येऊन गेलीस, त्यानंतर तुझं पत्र नाही. आधी मी लिहायला हवं होतं. हात चालत नव्हता, हे कारण खरं आहे. त्या दोन दिवसांबद्दल आज काही लिहीत नाही, संक्रांत तोंडावर आली आहे. सोबत थोडा तिळगूळ पाठवते. प्रमोदिनीनं केला आहे, त्यामुळं जरा कडक झाला आहे.

नृसिंहरावांना नमस्कार.

तुझी वडील बहीण,
कालिंदी

*

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. २७ जानेवारी १९५५

चि. मीनाक्षी,

आशीर्वाद. तुझं कार्ड काल मिळालं. तिळगूळ पोचला, नृसिंहरावांचा अंतर्गळ मधेच अडकायला लागला, मिरजेला ऑपरेशन ठरलं, फेब्रुवारीत कधीतरी. एवढंच. खाली नुसतं 'मीनाक्षी'. पूर्वी 'तुझी मिनी' असायचं. मी ते कार्ड उलटून दुसऱ्या बाजूलाही बघितलं.

ऑपरेशन करायचं म्हणतात ते बरोबर आहे. अडकल्यावर घाईत करण्यापेक्षा आत्ता शांतपणे केलेलं चांगलं. भिऊ नकोस. पण ते होण्याआधी तुला काही सांगायला हवं. मागच्या पत्रात मी ते टाळलं, कारण ते वाचून तुला लागेल. आता टाळलं तर नृसिंहरावांना धोका आहे, म्हणून लिहिते. हे पत्र एकटी असताना वाच आणि शेवटपर्यंत वाच. मधेच ठेवून रडत बसू नकोस.

माझ्या आजारात तुम्हा सगळ्यांना जे दिसलं ते बाहेरून. आतून काय चाललं होतं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ऑपरेशननंतर नाकात नळी घालून मला उताणं ठेवलं होतं. ताप येत होता, जात होता. कूस बदलायलाही दोघी लागायच्या. नळी काढल्यावर पहिलं पाणी दिलं ते घशातून खाली जाण्याऐवजी श्वासात गेलं. ठसका असा आला की पोटाचे टाके तुटतात असं वाटलं. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे, घरी गेली की खाईल. घरी आले. चहा दिला, ठसका. दूध दिलं, ठसका. बार्लीचं पाणी, ताकाचं पाणी, फळाचा रस, सगळ्याला तेच. आजारी माणसाला हलकं आणि पातळ द्यायचं, एवढंच आपल्याला माहीत. मीसुद्धा दुसऱ्या कुणाला तेच दिलं असतं.

मग मी तोंड मिटायला लागले. चमचा दिसला की दात घट्ट धरायची.

मिने, मला भूक नव्हती असं नाही. इतकी भूक जन्मात कधी लागली नव्हती. शेजारच्या चिमणाबाई लसणाची फोडणी द्यायच्या, तो वास खिडकीतून यायचा आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळायचं. तुम्ही म्हणायचात, देवाच्या आठवणीनं रडते आहे. मी सांगणार कसं? आवाज ओठांपलीकडं जात नव्हता. प्रमोदिनीनं पाटी दिली, तर पेन्सिल बोटांतून गळून पडली.

एक दिवस दादा उशाशी उभे राहिले आणि खोलीतल्या सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "कालिंदीनं अन्न सोडलंय. मनाची पक्की आहे ती. आयुष्यभर स्वतःच्या मर्जीनं जगली, आता स्वतःच्या मर्जीनं निघाली आहे. कुणी जबरदस्ती करायची नाही. ओठाला तीर्थ लावा, पुरे."

मी डोळे मोठे करून त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "बघा, नजर कशी स्थिर झाली आहे."

माझ्या मनात त्या क्षणी पिठलं-भात होता.

त्यांना दोष देत नाही. ते खरंच गहिवरले होते. मला मान देत होते ते. फक्त तो मान मला नको होता.

मग तू आलीस. वाडीच्या पादुकांचं तीर्थ भांड्यात बांधून, एस.टी.त सगळी वाट ते मांडीवर धरून. तुला बघून मला केवढं बरं वाटलं. तू माझे केस विंचरलेस, अंग पुसलंस, लुगडं बदललंस. आणि दिवेलागणीला चमच्यानं तीर्थ दिलंस. मी ते घेतलं, कारण तू दिलं होतंस. ठसका लागला. तू पाठ चोळलीस आणि पुन्हा दिलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तेव्हा छातीत काहीतरी घरघरत होतं, ते मला कळत होतं. संध्याकाळी तू पुन्हा चमचा घेऊन वाकलीस आणि मी होती नव्हती ती ताकद एकवटून तो उडवला. तो तुझ्या चष्म्यावर लागला. तीर्थ तुझ्या पदरावर सांडलं. सगळे बघत होते, दादा, प्रमोदिनी, चिमणाबाई.

तू म्हणालीस, "अक्का, शेवटच्या घोटालासुद्धा माझा हात चालत नाही का तुला?"

ते मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. लहानपणापासून तू घातलेली रांगोळी मी पुन्हा नीट करायची, तू बांधलेली पोथी मी सोडून पुन्हा बांधायची, ते सगळं तुझ्या त्या एका वाक्यात होतं. उत्तर माझ्याकडं होतं, आवाज नव्हता.

दादांनी तुला बाहेर नेऊन समजावलं ते पुढं प्रमोदिनीनं मला सांगितलं. "तू समोर असलीस की तिचा जीव अडकतो, तू घरी जा." तू सकाळच्या गाडीनं गेलीस.

दुपारी मला ताप भरला. प्रमोदिनी शाळेतून आली, माझा श्वास बघितला आणि तशीच डॉक्टर मुळगुंदांना घेऊन आली. त्यांनी छाती तपासली, उजव्या बाजूला बराच वेळ नळी ठेवून ऐकलं. मग विचारलं, "काल-परवा तोंडानं काय काय दिलं?" प्रमोदिनीनं सांगितलं. त्यांनी मला उशा लावून ताठ बसवलं, वाटीत पाणी मागवलं, एका हाताची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि दुसऱ्या हातानं अगदी थेंबभर पाणी जिभेवर सोडलं. बोटांखाली काय हललं, काय नाही, ते बघत राहिले. ठसका आलाच.

"घरात घट्ट काय आहे?" त्यांनी विचारलं.

प्रमोदिनीनं स्वतःसाठी मुगाचं वरण शिजवलेलं होतं, फोडणी न देता घोटलेलं. डॉक्टरांनी ते आणखी घोटायला लावलं. मला म्हणाले, "बाई, हनुवटी छातीकडं करा. घाई नाही. तोंडात धरा, आणि गिळते आहे असं मनाशी ठरवून गिळा."

अर्धा चमचा वरण. ते खाली गेलं. ठसका आला नाही. मी डोळे मिटून वाट बघत राहिले, तरी आला नाही. मी तोंड उघडलं, म्हणजे आणखी द्या. प्रमोदिनी रडायला लागली.

दादा तिथंच होते. म्हणाले, "डॉक्टर, तिनं अन्न सोडलंय हो." डॉक्टर म्हणाले, "बाईंनी काही सोडलेलं नाही. घशातली ताकद गेली आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं ते तुला सांगते. जिभेच्या मुळाशी, घशात, सगळीकडं स्नायूच असतात. म्हातारपणी मोठं ऑपरेशन झालं, पडून राहावं लागलं, पोटात काही गेलं नाही, की मांडीचे स्नायू आटतात तसे तेही आटतात. घशात दोन वाटा आहेत, एक अन्नाची, एक वाऱ्याची. गिळताना वाऱ्याच्या वाटेचं दार लागतं. स्नायू दुबळे झाले की ते दार उशिरा लागतं. पातळ पदार्थ झरकन जातो, दार लागायच्या आत. घट्ट पदार्थ हळू सरकतो, दाराला वेळ मिळतो. लढाईच्या दिवसांत लष्करी दवाखान्यात त्यांनी असे पेशंट पाहिले होते.

छातीत गेलेल्या पाण्यानं न्युमोनिया झाला होता. पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली. मी वाचले.

आता जे लिहायचं त्यासाठी मी बराच वेळ लेखणी धरून बसले होते. तो न्युमोनिया त्या दोन दिवसांतल्या तीर्थानं झाला असणार. डॉक्टरांनी तसं म्हटलं, आणि तुला सांगायचं नाही असं मी आणि प्रमोदिनीनं ठरवलं. मी वाचले नसते तर ते तुला कधीच कळलं नसतं. पण अर्धवट सांगितलं तर तू म्हणशील, अक्काला पाणी सोसलं नाही, यांना सोसेल. म्हणून सगळं सांगितलं.

आणि हेही तितकंच खरं आहे की तो चमचा दुसऱ्या कुणाचाही असता. त्याआधी दवाखान्यातली बार्ली होती, प्रमोदिनीचा चहा होता, दादांनी आणलेलं शहाळं होतं. सगळे मायेनं देत होते, आणि सगळ्यांच्या हातून थोडं थोडं माझ्या छातीत जात होतं. तुझी पाळी शेवटी आली इतकंच.

मी तुझा हात झिडकारला नाही, मिने. मी पाण्याला भ्याले.

आता नृसिंहरावांचं. प्रत्येकाला असं होतं असं नाही, बहुतेकांना होत नाही, तेव्हा आधीच धसका घेऊ नकोस. आतापासून त्यांना नीट खायला घाल, उपास बंद कर. ऑपरेशननंतर डॉक्टर परवानगी देतील तेव्हा पहिला घोट तू त्यांना ताठ बसवूनच दे, अगदी थोडा. ठसका लागला, किंवा पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घोगरा झाला, तर 'एवढं घ्या' असा आग्रह करू नकोस, थांब आणि डॉक्टरांना सांग. जमेल तितक्या लवकर त्यांना पलंगावरून उठव. आणि त्यांनी तोंड मिटलं तर ते विरक्त झाले असं कुणालाही म्हणू देऊ नकोस. विचार त्यांना. हाताची खूण का होईना, पण विचार.

उत्तर लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
अक्का

*

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. १५ मार्च १९५५

प्रिय मिने,

तुझं लांबलचक पत्र काल आलं. त्याआधी जे दिवस गेले ते कसे गेले ते मला विचारू नकोस. आमचा टपालवाला कृष्णात गल्लीत आला की मी खिडकीत बसलेली त्याला दिसायची, आणि तो लांबूनच मान हलवून पुढं जायचा. नंतर नंतर तर तो मान खाली घालूनच जायला लागला. मला वाटलं, मी सांगायला नको होतं. सांगून तुला मोडलं आणि नृसिंहरावांच्या पलंगाशी तू हात बांधून बसली असशील. प्रमोदिनी म्हणायची, ऑपरेशनच्या गडबडीत असतील. मला ते पटायचं नाही.

मग मागच्या महिनाअखेरीला दादा आले. काठी कोपऱ्यात ठेवायच्या आधीच म्हणाले, "कालिंदी, तुझी बहीण बिघडली."

माझा जीव वर गेला. "काय झालं? नृसिंहराव कसे आहेत?"

"त्यांना काय धाड भरली आहे? पलंगावर बसलेत राजासारखे. मी मिरजेला त्यांना बघायला गेलो होतो, चांगलं शहाळं घेऊन. भांड्यात ओतलं, त्यांच्या तोंडाशी नेलं, तर मीनाक्षीनं माझं मनगट धरलं. माझं. म्हणाली, 'दादा, भांडं खाली ठेवा. त्यांना अजून पातळ द्यायचं नाही.' मी म्हटलं, अगं, शहाळ्याचं पाणी आहे, अमृत आहे. तर म्हणते, 'अमृत असलं तरी आज नको.'"

"मग ठेवलंत?"

"ठेवतो नाहीतर काय करतो. मनगटच सोडेना."

"आणि शहाळं?"

"मीच प्यालो."

मला हसू आवरेना. ऑपरेशननंतर इतकं पहिल्यांदाच हसले. ठसका लागेल म्हणून प्रमोदिनी स्वयंपाकघरातून धावत आली. लागला नाही. दादा दोघींकडं बघत राहिले. रागावून जातील असं वाटलं, पण ते बसले. उपरण्यानं तोंड पुसलं आणि वेगळ्याच आवाजात विचारलं, "कालिंदी, तेव्हा तुला खरंच भूक लागली होती?"

"हो."

"माझ्याकडं बघितलंस, ते..."

"पिठलं-भात मागत होते, दादा."

ते उठले. चहाही न घेता गेले. पण पुढच्या गुरुवारी आले ते वहिनींनी केलेलं घट्ट पिठलं डब्यात घेऊन, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिले.

तुझ्या पत्रात ते सगळं तुझ्या शब्दांत वाचलं तेव्हा कळलं की तू दादांना किती घाबरत होतीस. दादांना ते कळलेलं नाही, त्यांना वाटतं तू पोलादाची झालीस. तसंच वाटू दे.

नृसिंहरावांना पहिल्याच घोटाला ठसका लागला, तू तिथंच थांबलीस, आणि मिरजेच्या डॉक्टरांनी तुझं ऐकून घेतलं, हे मी दोनदा वाचलं. घट्ट खिमट, चक्का, घोटलेलं वरण, यावर तू त्यांना कसं सांभाळलंस, आणि तीर्थ तोंडात न घालता त्यांच्या डोळ्यांना लावलंस, ते सगळं प्रमोदिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझा आवाज आता पुरतो, वाचून दाखवण्याएवढा. आता ते कट्ट्यापर्यंत चालत जातात आणि परत आल्यावर भाकरी मागतात म्हणतेस. दे. कुस्करून, दुधात नीट भिजवून मऊ लगदा कर आणि दे.

माझी प्रगती सांगते. परवा मी पाणी प्यायले. साधं, माठातलं. डॉक्टर समोर उभे होते. हनुवटी खाली, एकेक घोट. प्रमोदिनीनं श्वास रोखून धरला होता. भांडं संपलं तेव्हा मला वाटलं, इतकी चांगली चव मी इतकी वर्षं लक्षातच घेतली नव्हती. बयाबाईला सांगितलं तर म्हणाली, "पानी प्याली म्हून एवढं कौतिक? उद्या पाटी डोक्यावर घिऊन या, मग म्हनीन बरी झाली." पण जाताना तिनं मोजल्यावर वर अर्धा शेर दूध जास्त घातलं.

आणखी एक, हे वाचून झालं की या कागदाचं तू काय करायचं ते कर. अंगात मांस भरायला डॉक्टरांनी अंडं सांगितलं. मी नाही म्हटलं. पंधरा दिवस नाही म्हटलं. मग बयाबाईनं चरवीच्या झाकणाखालून दोन आणली, प्रमोदिनीनं दुधात घालून खरवसासारखी वाफवली, आणि अडुसष्टाव्या वर्षी मी अंडं खाल्लं. वाईट लागलं नाही. दादांना कळू देऊ नकोस, एका वर्षात त्यांना किती सोसायला लावायचं.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू एक प्रश्न विचारला आहेस. सगळ्या पत्रात तो एकच प्रश्न बारीक अक्षरात आहे, जणू मला दिसू नये म्हणून. तुझं म्हणणं असं, की चमच्याचं सगळं कळलं, राग नाही, दुःखही नाही. फक्त इतकं सांग अक्का, मी त्या दोन दिवसांत तुझ्याजवळ होते, त्याचा तुला काही उपयोग झाला का, की माझ्यामुळं फक्त त्रासच झाला?

सांगते.

त्या दिवसांत खोलीत येणारा प्रत्येक माणूस माझ्या तोंडाकडं बघायचा. श्वास चालतो का, ओठ हलतात का. हळू बोलायचे, स्तोत्र म्हणायचे, माझ्याबद्दल माझ्या देखत भूतकाळात बोलायचे. मलाही हळूहळू ते पटायला लागलं होतं. सगळे म्हणतात तर निघावं. भूकही मग कमी व्हायला लागली होती. हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

तू आलीस आणि पहिल्या दुपारी माझ्या पायथ्याशी बसलीस. पाय चेपता चेपता तू पुटपुटलीस, "काय गं अक्का, किती टाचा फुटल्यात तुझ्या. थंडी संपेपर्यंत रोज कोकम तेल लावायला हवं."

थंडी संपेपर्यंत. तू सहज बोललीस. तुझ्या लक्षातही नसेल. त्या खोलीत तेवढी तू एकटीच होतीस, जी माझ्या पुढच्या महिन्यांबद्दल बोलली. मी डोळे मिटून पडले होते आणि मनात म्हटलं, बरं, मग थंडी संपेपर्यंत तरी राहू. दुसऱ्या दिवशी चमचा उडवायला जी ताकद आली ती तिथून आली, असं मला वाटतं.

थंडी संपली आहे, मिने. पाडव्याला नृसिंहरावांना घेऊन ये. ते एस.टी.त बसण्याइतके बरे नसतील तर मी येते. डॉक्टर हो म्हणाले आहेत, बयाबाई गाडीत बसवून देणार आहे, तिथं उतरवून घ्यायला तू उभी राहा.

अजून इथंच असलेली,
तुझी अक्का